चित्र गेलं, आवाज राहिला

टीव्हीचं चित्र गेलं तेव्हा सायलेन्सरच्या एका हातात चहाचा कप होता आणि दुसऱ्या हातात बायकोचा हात. नव्या मालिकेचा पहिलाच भाग रंगात आला होता, आणि त्यातली धाकटी सून अजून पडद्यावर यायची होती. दार वाजलं, बायकोने विचारलं, "अहो, कोण आलं?" आणि तो सांगणार तेवढ्यात पडदा काळाठिक्कर झाला. आवाज मात्र खणखणीत चालू. दार उघडलं, टाचांचे बूट वाजले, कुणीतरी खुर्ची ओढली.

"कोण आलं? सांगा ना."

"धाकटी सून," तो काळ्या पडद्याकडे बघत म्हणाला. टाचांच्या आवाजावरून एवढं कुणीही सांगितलं असतं. तिथेच थांबला असता तर सगळं निभावलं असतं. पण तो पुढे म्हणाला, "निळा कोट घालून आलीय."

"निळा? तिला शोभत असेल."

"शोभतोय," सायलेन्सर म्हणाला.

त्याला वाटलं, थोड्या वेळात चित्र येईल. जुना टीव्ही आहे, घेतो कधी कधी डुलकी. मालिका संपून बायको आत गेल्यावर त्याने टीव्हीच्या पाठीत दोन धपाटे घातले, वायर काढून पुन्हा लावली, फटीत फुंकर मारली. घरोघरी टीव्हीवर जे उपचार होतात ते सगळे झाले. चित्र काही आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आणि त्या संध्याकाळी बायको येऊन खुर्चीत बसली, शाल गुडघ्यांवर घेतली नि म्हणाली, "हं, लावा. बघू तुमची निळ्या कोटवाली आज काय करते."

आता या माणसाला सायलेन्सर का म्हणायचे ते सांगायला हवं. हयातभर त्याने बस चालवली. त्याच्या डोक्यावर पाटी होती, 'चालकाशी बोलू नये'. डेपोतले लोक म्हणायचे, या पाटीचा खर्च फुकट गेला, याच्याशी बोलून कुणाला काय मिळणार होतं? दिवसाकाठी त्याच्या तोंडून दोनच शब्द निघायचे, 'हं' आणि 'बरं'. गाडीसमोर कुणी अचानक आडवं आलं तर तिसरा निघायचा, पण तो इथे लिहिण्यासारखा नाही. सायलेन्सर हे नाव डेपोने ठेवलं, ते गल्लीत आलं, आणि हळूहळू त्याच्या घरातही शिरलं.

बायकोचं काम अगदी उलट. ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. दिवसभर कानाला यंत्र लावून शेकडो माणसांशी बोलायची, त्यामुळे आवाजावरून माणूस ओळखण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. कोण रागात आहे, कोण रडून आलंय, कोण थापा मारतंय, ती बसल्या जागी सांगायची. "खोटं बोलताना आवाज घसरतो," ती म्हणायची. "थोडासाच. पण मला ऐकू येतो." घरी आली की तिला एक शब्द नको असायचा. एकाला बोलायचं नसे, दुसरीला ऐकायचं नसे, असा हा जोडा अनेक वर्षं सुखाने नांदला. त्यांची लेक म्हणायची, आमच्या घरात सगळ्यात बडबडं कोण असेल तर ते भिंतीवरचं घड्याळ.

मग बायकोची नजर गेली. एकदम नाही गेली. आधी मधोमध एक डाग आला, मग तो पसरत गेला, डॉक्टरांनी करायचं ते सगळं केलं, आणि शेवटी फक्त उजेड आणि अंधार एवढंच उरलं. ती रडली नाही, चिडली नाही. नुसती बसून राहायची, दोन्ही हात मांडीवर ठेवून, बस चुकलेल्या माणसासारखी. रेडिओ लावला तर म्हणायची, राहू दे. ते मांडीवरचे हात बघून सायलेन्सरच्या पोटात तुटायचं. पण तुटतंय हे सांगायचं कसं, हे त्याला माहीत नव्हतं. बोलायची सवय असती तर बोलला असता.

एका संध्याकाळी शेजारच्या टीव्हीवरची मालिका भिंतीतून ऐकू येत होती, आणि ती आपणहून म्हणाली, "आपलापण लावा ना. काय चाललंय ते तुम्ही सांगा."

सुरुवात अर्थातच दिव्य होती. "आली." "गेली." "रडतेय."

"अहो, तार करताय का? कुठे रडतेय, कशी रडतेय, समोर कोण आहे, काही सांगाल की नाही?"

मग त्याला एक युक्ती सुचली. त्याने पडद्याकडे रस्त्याकडे बघावं तसं बघायला सुरुवात केली. तेवढं एक त्याला येत होतं. "डावीकडून सासूबाई येताहेत, वेगात. समोर दार अर्धवट उघडं. उजवीकडे म्हातारा बसलाय, पेपर वाचतोय, त्याचं लक्ष नाही. आता धडकणार." बायको इतकी हसली की तिला ठसका लागला. त्या दिवसापासून रोज संध्याकाळी गाडी सुटायची. बस चालवणाऱ्याला समोरचं दिसतं तसं आरशातलं मागचंही दिसतं, त्यामुळे मागच्या खिडकीत कोण उभं आहे, टेबलावरचा ग्लास कुणी हळूच सरकवला, हेही तो सांगायचा. नजर असताना तिने स्वतः एवढी मालिका कधी बघितली नव्हती. आणि एवढं बोलणं त्याने जन्मात केलं नव्हतं.

म्हणून चित्र गेल्याचं त्याने सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, राहू दे मग. आणि हात पुन्हा मांडीवर गेले असते.

खोटं एकदा सुरू केलं की त्याला रोज खायला घालावं लागतं. सायलेन्सर सकाळी फिरायला जायचा तो आता सामान जमवत फिरायचा. कुणाच्या फाटकावरचा वेल, कुणाची लाल सायकल, चष्मा कपाळावर चढवून चष्माच शोधणारी एक बाई, सगळं संध्याकाळी मालिकेत हजर. कधी कधी घोडं अडायचं. एकदा त्याने दोघा भावांना बागेत उभं करून भांडायला लावलं आणि नेमका कपाटाचा ड्रॉवर वाजला.

"बागेत ड्रॉवर?" बायकोने विचारलं.

"माळ्याचं कपाट आहे. अवजारांचं."

"मोठी माणसं दिसतात. बागेतसुद्धा कपाट."

या मालिकेतल्या सासूबाई चित्र असेपर्यंत पडद्यावर आल्याच नव्हत्या. त्यांना त्याने चांगलं घसघशीत अंग दिलं होतं, आणि एक दिवस मालिकेतलाच कुणीतरी म्हणाला, "आई, काय ही तुझी तब्येत, नुसती काडी झालीस!" "अलीकडेच उतरल्यात," सायलेन्सर घाईने म्हणाला, "खंगल्यात बिचाऱ्या." बायकोला सासूबाईंची काळजी लागून राहिली. रात्री जेवतानासुद्धा तिने त्यांचा विषय काढला.

खरं सांगायचं तर तो सुखात होता. इतका सुखात तो कधीच नव्हता. आणि या सुखाची त्याला लाजही वाटायची, कारण ज्या माणसाला दिसत नाही त्याला आपण न दिसणारं दाखवतोय हे त्याला पक्कं कळत होतं.

मग लेक आली. ती शाळेत शिकवते, दुसऱ्या गावी राहते, आणि आली की आल्या पावली घर हातात घेते. दुपारची वेळ होती, आई आतल्या खोलीत दार लोटून झोपली होती. लेकीने सहज टीव्ही लावला. आवाज आला, चित्र नाही.

"बाबा, हे काय?"

"हं."

"हं काय? कधीपासून?"

"झाले बरेच दिवस."

"मग आई संध्याकाळी काय..." ती बोलता बोलता थांबली. फोनवर आई रोज तिला मालिकेची हकिगत सांगायची, निळ्या कोटासकट. लेकीने बापाकडे बघितलं. बाप खिडकीकडे बघत होता. तिने कपाळावर हात मारून घेतला, पण ओरडली नाही. सरळ खालच्या गल्लीतल्या टीव्ही दुरुस्तीवाल्याला बोलावून आणलं.

दुरुस्तीवाल्याने आल्या आल्या मोबाइलचा टॉर्च लावला आणि पडद्याला अगदी टेकवला. "हे बघा," तो हलक्या आवाजात म्हणाला, कारण लेकीने ओठांवर बोट ठेवलं होतं. "चित्र आहे. मागचा दिवा गेलाय नुसता, म्हणून दिसत नाही."

सायलेन्सर पुढे वाकला. टॉर्चच्या गोल उजेडात खरंच चित्र हलत होतं, राखेतून वर आल्यासारखं पुसट. दुपारी आदल्या दिवशीचाच भाग पुन्हा लागतो, तो चालला होता. धाकट्या सुनेचा आवाज आला आणि त्या गोलात काडीसारख्या सासूबाईंशेजारी एक बाई दिसली. आखूड केस, पिवळा सदरा, तोंडावर वैताग. सायलेन्सर तिच्याकडे बघत राहिला. ही कोण? हिला तो ओळखतच नव्हता. कुणीतरी परकी बाई त्याच्या सुनेच्या आवाजात बोलत होती.

"दिवे बदलता येतील," दुरुस्तीवाला म्हणाला. "पण टीव्ही म्हातारा झालाय. आज दिवे गेले, उद्या दुसरं काही जाईल. बदलून देतो म्हणालात तर देतो. किती चालेल ते मात्र विचारू नका."

तो गेल्यावर लेकीने आपला निर्णय सांगितला. तिचे निर्णय नेहमी तयारच असतात. नवाच घ्यायचा, आणि साधा नाही. पडद्यावर काय चाललंय ते बोलून सांगणारे टीव्ही आता मिळतात. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठीच ती सोय असते. संवादांच्या मधल्या मोकळ्या जागेत एक बाई शांतपणे सांगत जाते, कोण आलं, कुठे बसलं, काय घातलंय.

सायलेन्सरला निळा कोट आठवला. काय घातलंय तेही?

"आईला खरं काय ते तुम्ही सांगा," लेक म्हणाली. "मी नाही सांगणार. पण नवा टीव्ही आला की पहिल्याच संध्याकाळी तिला कळणार आहे, एवढं लक्षात ठेवा."

आई उठल्यावर चहा झाला. लेकीने मोठ्या उत्साहाने बोलणाऱ्या टीव्हीची बातमी दिली आणि नमुना म्हणून मोबाइलवर थोडं ऐकवलं. 'एक स्त्री आत येते. ती खिडकीजवळ बसते. तिच्या हातात पत्र आहे.' आईने मान तिरकी करून ऐकलं, पूर्वी एक्स्चेंजमध्ये नव्या मुलींची परीक्षा घ्यायची तशी.

"आवाज चांगला आहे गं," ती म्हणाली. "शब्द स्वच्छ आहेत. घाई नाही. ही बाई टिकेल."

सायलेन्सरला ते लागलं. एवढं स्वच्छ प्रशस्तिपत्रक त्याला कधी मिळालं नव्हतं. आणि मग त्याने ते केलं जे करायला नको होतं. त्याने डोक्यात सगळा हिशेब मांडला होता. टीव्ही दुरुस्त झाला तर चित्र येईल, मग हळूहळू एकेक वळण घेत आपली मालिका खऱ्या मालिकेला नेऊन भिडवता येईल. सुनेला केस कापायला लावता येतील. निळा कोट धुवायला टाकता येईल. कुणाला कळणार नाही. म्हणून जन्मभराच्या गप्पपणाला रजा देऊन तो टीव्हीची वकिली करायला उभा राहिला.

"नवा कशाला? हा चांगला आहे. चांगला म्हणजे ठणठणीत आहे. जुन्या वस्तूंची ताकद नव्यात नसते. चित्र कसं लख्ख आहे याचं. उगाच चालू वस्तू टाकायची म्हणजे... काय गं, बरोबर आहे ना?"

लेक कपातल्या चहाकडे बघत होती. बायकोने आपला कप हळूच खाली ठेवला.

"घसरला," ती म्हणाली.

"काय?"

"आवाज. 'लख्ख' म्हणालात तिथे. काय लपवताय?"

मग काय, सगळं बाहेर आलं. फार शब्द लागले नाहीत. चित्र गेलंय. बरेच दिवस झाले. सांगत होतो ते मनाचं होतं. लेक उठून स्वयंपाकघरात गेली, कारण काही गोष्टी मुलांच्या समोर व्हायच्या नसतात, मुलं कितीही मोठी झाली तरी.

त्याला वाटलं होतं ती चिडेल. नाहीतर हसेल. तिने दोन्ही केलं नाही.

"म्हणजे सासूबाई खंगलेल्या नाहीत?" तिने विचारलं.

"पहिल्यापासूनच बारीक आहेत. आज बघितल्या."

"आणि मी त्यांच्यासाठी झुरतेय." ती थांबली. "अहो, मला दिसतं ते सगळं तुमच्या तोंडून दिसतं. दूध उतू चाललंय की नाही, रस्ता मोकळा आहे की नाही, तुम्ही सांगता आणि मी मानते. बाहेर जाताना विचारते, मी कशी दिसते? तुम्ही म्हणता, छान. तेही असंच का? आता मी काय खरं मानायचं आणि काय नाही?"

"मालिका सोडून बाकी सगळं खरं सांगितलं," सायलेन्सर म्हणाला.

आणि म्हणता म्हणता त्याचं त्यालाच ऐकू आलं. आवाज घसरला होता. ती उठली आणि आत गेली. रोज ती त्याच्या दंडाला धरून जायची. त्या दिवशी भिंतीला हात लावून गेली.

पुढचे काही दिवस ती भिंतीलाच धरून चालली. बोलत होती, पण कामापुरतं. त्याने हात पुढे केला की म्हणायची, "आहे भिंत." लेक मुद्दाम राहिली होती, दोघांच्या मधून अवघडून वावरत होती. संध्याकाळी कुणी टीव्ही लावला नाही. बायको खुर्चीत बसायची, हात मांडीवर. जे टाळण्यासाठी एवढा उपद्व्याप केला ते शेवटी झालंच, आणि त्याच्याच हाताने झालं.

सायलेन्सरला झोप लागेना. घसरलेल्या त्या एका वाक्याने त्याचा पिच्छा धरला होता. एका सकाळी ती खिडकीपाशी कुंडीला पाणी घालत होती आणि तो तिच्या मागे जाऊन उभा राहिला.

"झाड वाळलंय," तो म्हणाला.

तिचा हात थांबला.

"कुंडीतलं. केव्हाच. मी काढून टाकलं. नुसती माती आहे. तू विचारायचीस, पालवी आली का, मी हो म्हणायचो."

त्याला आता थांबता येईना. "भिंतीचा रंग उडालाय. तू हात लावून चालतेस तिथे पोपडे आलेत. पडदे विटलेत. खिडकीची काच मी पुसतो म्हणून सांगतो, पण वरची पुसत नाही, हात पोचत नाही. मागे तुझी आवडती बशी मांजराने फोडली म्हणालो, ती मी फोडली. आपल्याकडे मांजर येत नाही."

"मांजरच नाही?"

"नाही."

"मी तिच्यासाठी दूध ठेवायचे ते?"

"मी प्यायचो."

ती पाण्याचं भांडं हातात घेऊन तशीच खुर्चीत बसली. तिचे खांदे हलायला लागले. ती रडतेय म्हणून तो घाबरून पुढे झाला, आणि ती रडतच होती, पण मध्येच हसतही होती, आणि कुठलं किती ते तिला स्वतःलाही सांगता आलं नसतं.

"नुसत्या मातीला मी रोज पाणी घालतेय आणि तुम्ही उभे राहून बघताय?"

"पाणी घालताना तू गुणगुणतेस," तो म्हणाला. "एरवी नाही गुणगुणत. म्हणून सांगवलं नाही."

स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज अचानक बंद झाला होता, म्हणजे लेक ऐकत होती.

"एक सांगा," शेवटी बायको म्हणाली. "लख्ख म्हणालात तिथे मी पकडलं. बाकी सगळं खरं म्हणालात तेही पकडलं. झाडाबद्दल एका शब्दात हो म्हणून सुटायचात, तो निसटला असेल. पण मालिका तुम्ही रोज तास तास सांगायचात, आणि तिथे तुमचा आवाज एकदाही घसरला नाही. माझ्या कानांना हे झालंय तरी काय, या विचाराने मी हैराण झालेय."

सायलेन्सरने विचार केला. नेमकं उत्तर द्यायची त्याला आता सवय लावून घ्यायची होती.

"खोटं बोलतोय असं वाटतच नव्हतं," तो म्हणाला. "मला दिसायची ती. दारातून यायची, कोटाच्या खिशात हात घालून. तू एक्स्चेंजला जायचीस ना, माझ्या बसच्या थांब्यावर उभी असायचीस, तुझा तो निळा कोट घालून. तशी."

"माझा निळा कोट? अहो, तो राखाडी होता."

"निळा होता."

"माझा कोट, मी घालत होते, मी सांगतेय राखाडी होता. जन्मात निळा कोट नव्हता माझ्याकडे."

"मग मी आयुष्यभर निळाच बघत आलो," सायलेन्सर म्हणाला. त्याला खरोखरच धक्का बसला होता.

तिने हात पुढे केला. तो हवेत थोडा चुकला, मग त्याच्या बाहीला सापडला. "टीव्ही नवाच घ्यायचा," ती म्हणाली. "मालिकेत खरं काय चाललंय ते ती बाई सांगेल. तुम्हाला मनाचं सांगायचं असेल तर जरूर सांगा, मी ऐकेन, मला आवडतं. पण आधी म्हणायचं, हे माझं आहे. आणि घरातलं सांगताना मनाचं काही नको. फुटलं तर फुटलं म्हणायचं, वाळलं तर वाळलं. चालेल?"

"चालेल."

दुसऱ्या दिवशी तिघं दुकानात गेली. रस्ताभर बायको त्याच्या दंडाला धरून होती, पण पूर्वीसारखी रेलून नव्हती. पाऊल टाकायच्या आधी काठी टेकवत होती, एकदा नाही, दोनदा. सायलेन्सरला ते कळत होतं. एकदा सगळं सांगून टाकलं म्हणजे सगळं पूर्वीसारखं होतं, असं त्यालाही वाटलं नव्हतं.

दुकानात विक्रेत्याने बोलणारा टीव्ही लावून दाखवला. बायकोने नीट ऐकून घेतलं, आवाज कमी-जास्त करून बघितला, आणि म्हणाली, "हाच द्या." लेक पुढच्या व्यवहाराला गेली. जुना टीव्ही बदल्यात घेणार का, यावरून तिची आणि विक्रेत्याची लगेच जुंपली. नवरा-बायको टीव्हींच्या भिंतीसमोर उभी राहिली.

"अहो, काय दिसतंय?"

"समोर भिंतभर टीव्ही," तो म्हणाला. "सगळ्यांवर एकच मासा आहे, नारिंगी. सगळीकडे एकदम वळतो. डाव्या कोपऱ्यातल्या टीव्हीवर रंग बिघडलाय, तिथे तो हिरवा आहे. उजवीकडे लेक. ती बोट नाचवून बोलतेय, विक्रेता मागे मागे सरकतोय."

"भांडखोर झालीय. आणि?"

"मधला एक बंद आहे. मोठा. त्याच्या काचेत आपण दोघं दिसतोय."

मग तिने विचारलं, "मी कशी दिसते?"

या प्रश्नाचं उत्तर त्याला एका शब्दात पाठ होतं. ते जिभेवर आलंही होतं. त्याने ते मागे ठेवलं आणि आधी बघितलं. नीट, डोक्यापासून पायापर्यंत, घाई न करता.

"केस सगळे पांढरे झालेत," तो म्हणाला. "आता काळा एकही नाही. कपाळावर एक आडवी आठी आहे, ती या चार दिवसांत आलीय, माझ्यामुळे. वजन उतरलंय तुझं. डोळे माझ्याकडे वळवलेस, पण ते माझ्याकडे पोचत नाहीत, माझ्या कानाकडे बघताहेत. हसलीस की खालच्या बाजूला दात नाही ते दिसतं. आणि स्वेटर उलटा घातलायस. शिवण बाहेर आलीय. मानेमागची पट्टीसुद्धा बाहेर लोंबतेय."

"उलटा? घरापासून?"

"घरापासून असणार. मी आत्ता बघितलं. तू विचारलंस म्हणून बघितलं. आधी बघायला हवं होतं."

"सगळ्या रस्त्याने मी उलटा स्वेटर घालून आले?"

"हो."

"कुणी बघितलं असेल?"

"सगळ्यांनी," सायलेन्सर म्हणाला. "आणि छान दिसतेस."

तिने काठी त्याच्या हातात दिली. मग तिथेच, त्या सगळ्या माशांच्या समोर, तिने तो पुढून उघडा स्वेटर काढला आणि त्याच्यापुढे धरला. त्याने काठी काखेत अडकवली, बाह्या आतून ओढून बाहेर काढल्या, शिवण आत घातली, पट्टी आत सारली आणि स्वेटर उघडून धरला. तिने मागे वळून न चाचपता, काही न विचारता दोन्ही हात मागे नेले, आणि ते थेट बाह्यांमध्ये गेले.

लेक पावती घेऊन परत आली. "चला, झालं," ती म्हणाली. "काय करताय तुम्ही?"

"थांब गं जरा," आई म्हणाली. "यांचं सांगून व्हायचंय अजून."